एकोणीसशे चारची आई

फाइल मी स्वतः तयार केली होती, सकाळचा चहा संपायच्या आत. तिच्यावर तारीख घातली होती दोन हजार पन्नास सालची. आणि फळीवरचा आजोबा मला सांगत होता, की ही फाइल एकोणीसशे चौदा सालची आहे.

आजोबा म्हणजे आमच्या टेस्टिंगच्या खोलीतलं सगळ्यात जुनं यंत्र. आमची कंपनी घरगुती पेटी बनवते. जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी, टीव्हीला जोडायची. घरातले सगळे फोटो आणि व्हिडिओ तिच्यात राहतात आणि तारखेनुसार ओळीने लागतात. नव्या पेट्यांचा प्रोसेसर दमदार आहे, जुन्यांचा बारकुडा. पण त्या जुन्या पेट्या अजून कितीतरी घरांत चालू आहेत, म्हणून त्यांच्यातली एक आम्ही फळीवर ठेवली आहे. नवं सॉफ्टवेअर लोकांकडे जायच्या आधी सगळ्या यंत्रांवर चालवून बघायचं, हे माझं काम. दुसऱ्याच्या कामात खोड काढायचा मला पगार मिळतो, आणि देवाने स्वभावही त्याच मापाचा दिलाय असं ताई म्हणते.

ताईचं सांगितलं पाहिजे, नाहीतर एका फाइलच्या तारखेवरून मी एवढा का हादरलो ते कळायचं नाही.

पेटीत एक सोय आहे, तिला आम्ही कुलूप म्हणतो. व्हिडिओला पुढची एखादी तारीख द्यायची. ती उजाडेपर्यंत तो व्हिडिओ कुलपाच्या खणात बंद राहतो, कुणालाच बघता येत नाही. लोक त्यात वाढदिवसाच्या शुभेच्छा वगैरे टाकतात. ताईने गेल्या महिन्यात वेगळंच काहीतरी टाकलं. तिच्या हृदयाची झडप बदलायची आहे, ऑपरेशन येत्या सोमवारी. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही कारण नाही, आणि मग बराच वेळ काळजीची कारणं सांगत बसले. घरी येऊन ताईने खोलीचं दार लावून घेतलं आणि भिंगरीसाठी व्हिडिओ केला. भिंगरी म्हणजे तिची मुलगी, माझी भाची. वय सात, पायाला भिंगरी लावलेली, म्हणून हे नाव. व्हिडिओला कुलूप घातलं ते भिंगरी एकवीस वर्षांची होईल त्या दिवसाचं. "परत आले तर माझ्या हाताने पुसून टाकीन," ताई म्हणाली. "नाही आले तर तिला कळत्या वयात मिळेल." भिंगरीला ऑपरेशनचा पत्ता लागू दिलेला नव्हता. आई कामासाठी बाहेरगावी जाणार आहे, एवढंच तिला सांगितलं होतं.

ताईची पेटी जुन्यांपैकी. नवं मॉडेल आलं तेव्हा ऑफिसने जुन्या पेट्या आम्हा लोकांत वाटल्या, त्यातली एक मी तिला नेऊन दिली होती. "कुलूप पक्कं आहे ना रे?" असं तिने विचारलं तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो होतो, "मी तपासलंय." खोटं नव्हतं ते. तपासलं होतंच. नव्या पेटीवर.

आजोबावर कुलपाची टेस्ट आजवर चाललीच नव्हती. आमच्याकडे भिंतीवर एक मोठा पडदा आहे. टेस्ट पास झाली की हिरवा चौकोन, नापास झाली की लाल. लाल चौकोन दिसला की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. पण एखादी टेस्ट अमुक यंत्रावर वगळायची असं लिहून टाकलं, तर तो चौकोनही हिरवाच दिसतो. कुलपाची टेस्ट आजोबापुरती वगळलेली होती. वगळणारा केव्हाच नोकरी सोडून गेला आणि कारणाच्या जागी लिहून गेला, "इथे चालत नाही. नंतर बघू." हे 'नंतर' उगवलं ते आज सकाळी, कारण जुन्या पेट्या आणखी वर्षभर सांभाळायच्या असं वरून ठरलं आणि मॅडमनी मला वगळलेल्या सगळ्या टेस्ट परत चालवायला सांगितल्या.

तर एकोणीसशे चौदा. मला पहिल्यांदा वाटलं, आजोबाच्या घड्याळाची बॅटरी गेली. खरं सांगतो, मला ती गेलेलीच हवी होती. बॅटरी गेली असली तर भानगड या एका यंत्राची, ताईच्या पेटीला काही नाही. मी बॅटरी बदलली. घड्याळ तर आधीही बरोबरच होतं, बदलल्यावरही बरोबर. फाइल एकोणीसशे चौदाचीच.

मग मी वेगवेगळ्या तारखा घालून पाहिल्या. दोन हजार तीस घातलं, तीसच दाखवलं. पस्तीस घातलं, पस्तीस. मला हायसं वाटलं. म्हटलं, मघाशी काहीतरी माझंच चुकलं असेल. मग चाळीस घातलं, भिंगरीचं एकविसावं वर्ष, आणि यंत्र शांतपणे म्हणालं, एकोणीसशे चार.

आता याला काय म्हणायचं? चुकायचंच तर सगळीकडे चुकावं. पस्तीसपर्यंत शहाण्यासारखं वागायचं आणि चाळीसला शतकाची उडी मारायची, तीही मागे, हा कुठला न्याय? तीच फाइल, तोच प्रोग्राम मी नव्या पेटीवर चालवला. तिथे चाळीसचे चाळीस. परत आजोबावर आलो. एकोणीसशे चार. डिस्क बदलली. केबल बदलली, जिचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. शेवटी मी आजोबाला चापट मारली, तिचाही नव्हता.

घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना, तेव्हा मी बृहस्पतीला बोलावलं. बृहस्पती आमचा प्रोग्रामर. कुलूप त्याच्याच डोक्यातून निघालेलं. अक्कल भरपूर, फक्त ती जगाला उपकार म्हणून दिल्यासारखी देतो. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि हसला.

"अरे, हे होणारच," तो म्हणाला. "बत्तीस बिटचा प्रोसेसर आहे तो."

"मला माणसासारखं सांग."

"यंत्र तारीख कशी ठेवतं? एकोणीसशे सत्तर सालापासून किती सेकंद झाले, तो आकडा. बस. आता जुन्या यंत्रात त्या आकड्याला जागा ठरलेली. दोन हजार अडतीसच्या जानेवारीत ती जागा भरते. तुझ्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा कसा, सगळे नऊ झाले की उलटतो? तसंच. फक्त हा शून्यावर येत नाही, उणे बाजूच्या पार टोकाला जातो. एकोणीसशे एकला. तिथून पुढे परत मोजायला लागतो. नव्यात जागा एवढी आहे, की भरायला आपले खापरपणतू पुरणार नाहीत."

"पण कुलपाची तारीख आणि फाइलची तारीख यांचा काय संबंध?"

"तीच तर गंमत आहे." त्याला अजूनही त्या युक्तीचा अभिमान होता. "मी कुलपाची तारीख वेगळी ठेवतच नाही. फाइलचीच तारीख पुढची करून टाकतो. पेटी बघते, ही फाइल अजून जन्माला यायचीय, म्हणून दाखवत नाही. एक ओळ लिहावी लागली फक्त."

"आणि फाइल एकोणीसशे चारची झाली, तर?"

"तर ती जन्माला येऊन गेलेली. दाखवणार." तो थांबला. "पण एवढ्या लांबची तारीख घालतो कोण?"

मी त्याला सांगितलं, कोण घालतं ते. बृहस्पतीचा चेहरा उतरला. तो खुर्ची ओढून बसला आणि आपली ती एक ओळ पडद्यावर उघडून बघत राहिला.

मॅडम आल्या. आमच्या मॅडम वाईट नाहीत, पण त्यांना सगळं लवकर व्हायला हवं असतं. "रिलीज उद्या आहे," त्या म्हणाल्या. "मर्यादा प्रोसेसरची आहे, आपली नाही. जे त्या यंत्राला जमणारच नाही ते त्याच्याकडून कसं करून घेणार? कारण नीट लिहा आणि वगळा. निदान 'नंतर बघू' तरी लिहू नका."

त्यांचं म्हणणं चूक होतं का? मला तेव्हा ठरवता येईना, अजूनही येत नाही. यंत्र त्याच्या कुवतीप्रमाणे बरोबर वागत होतं. बृहस्पतीची ओळ त्याच्या यंत्रावर बरोबर होती. टेस्ट तर बरोबर होतीच. सगळे बरोबर आणि माझी बहीण तिकडे उघड्यावर. "संध्याकाळी सांगतो," म्हटलं आणि बाहेर येऊन ताईला फोन लावला.

"ताई, पेटी चालू आहे?"

"असते की. का रे?"

"कुलपाच्या खणात बघ बरं. तो व्हिडिओ आहे?"

ती पाय ओढत टीव्हीपाशी गेल्याचं ऐकू आलं. हल्ली दोन पावलं चालली तरी तिला धाप लागते. "इथे काहीच नाही," ती म्हणाली. "रिकामा आहे खण. पुसला गेला का रे? मला परत नाही हं जमणार तसं बोलायला."

"पुसला नाही. भिंगरी कुठेय?"

"शाळेत. येईल एवढ्यात. काय झालंय? तुझा आवाज असा का येतोय?"

"मी येतो," म्हटलं आणि स्कूटर काढली.

ताई सोफ्यावर उशीला टेकून बसली होती, नेहमीच्या निळ्या गाऊनमध्ये. मी बूट न काढता रिमोट हातात घेतला. पेटीत फोटो तारखेने लागतात, आणि एका टोकाला बटण आहे, 'सगळ्यात जुनं'. ते दाबलं. एरवी तिथे पहिला फोटो आमच्या आजोबांचा असतो, खऱ्या आजोबांचा, कोट घालून उभे राहिलेल्यांचा. आज त्यांच्याही आधी ताई होती. निळा गाऊन, मागे तिच्या खोलीतला पडदा. खाली लिहिलेलं, एकोणीसशे चार.

"हे काय?" ताई म्हणाली. "मी इथे कशी गेले?"

मी सांगायचा प्रयत्न केला. स्कूटरचा काटा वगैरे. मलाच धड कळलेलं नव्हतं, तिला काय कळणार? ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. आणि मग मला व्हिडिओच्या चौकोनाच्या कोपऱ्यातली बारीक खूण दिसली. शेवटपर्यंत पाहून झालेल्या व्हिडिओवर पेटी ती खूण टाकते.

"भावजींनी पाहिलाय का हा?"

"ते पेटीला हातही लावत नाहीत," ताई म्हणाली, आणि तिलाही समजलं. टीव्ही बंद करावा एवढंही मला सुचलं नाही.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे. भिंगरी आत आली, मला पाहून खूश झाली, टीव्हीकडे पाहून थबकली.

"ही लावलीत?" ती म्हणाली. "ही मी पाहिलीय. खूपदा."

ताईने उशी घट्ट धरली. "केव्हा?"

"शाळेतून आल्यावर. तू झोपलेली असतेस ना. मी आवाज बारीक ठेवते." आपल्या समजूतदारपणाचं कौतुक होईल म्हणून ती थांबली.

"घाबरलीस का गं?" मी विचारलं.

"मी कशाला घाबरू? ती काय माझी आई आहे का?"

"मग कोण आहे?"

"एकोणीसशे चारमधली आई. खाली लिहिलंय की, मामा." एवढा कॉम्प्युटरवाला मामा आणि वाचता येत नाही, याची तिला कीव आली असावी. "मी पण आधी फसले होते. चेहरा सेम, गाऊन पण सेम. पण तिची भिंगरी एकवीस वर्षांची आहे, ती म्हणते ना तसं, 'आज तू एकवीस वर्षांची झालीस.' आणि मी तर सातची. म्हणजे ती दुसरी भिंगरी. मी बाईंना विचारलं, एकोणीसशे चार म्हणजे किती जुनं. बाई म्हणाल्या, बाप रे, तेव्हाचं आता कुणी उरलंसुद्धा नसेल."

ताईने टीव्हीवरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"तिची आई ऑपरेशनला गेली आणि परत आलीच नाही," भिंगरी म्हणाली. "मग त्या भिंगरीला एकटीने मोठं व्हावं लागलं. मला तिचं इतकं वाईट वाटतं ना."

"मग मला का नाही सांगितलंस?" ताईने कसंबसं विचारलं.

"तुला रडू आलं असतं. तुझ्यासारखीच दिसते ना ती."

मी ताईकडे बघून मान हलवली. मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. पोरीने आपली आपण गोष्ट जुळवली आहे, आपण गप्प बसायचं. व्हिडिओ पुसून टाकू, नवा करू, दुसरं कुलूप आणू. सोमवार पार पडू दे, मग बघता येईल. असं सगळं मी एका क्षणात ठरवलं आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मॅडम होत्या. मी गॅलरीत गेलो.

"काय ठरलं?" त्यांनी विचारलं. "वगळू या ना?"

वगळलेला चौकोन हिरवाच दिसतो. मी काचेतून आत पाहिलं. भिंगरी ताईच्या पायाशी बसून मोजे काढत होती, आणि ताई तिच्या डोक्याकडे बघत होती. मला भयंकर राग आला, कुणाचा ते विचारू नका. मॅडमचा नव्हे.

"नको," मी म्हणालो. "लाल राहू दे."

"रिलीज अडेल."

"अडू दे. जुन्या पेट्यांत आणखी किती जणांचं असं उघडं पडलंय, आपल्याला माहीत नाही. त्यांना आधी कळवायला हवं."

फोनमध्ये मॅडमच्या मागून बृहस्पतीचा आवाज आला. कुलपाची तारीख फाइलवर न घालता वेगळी लिहून ठेवता येईल, आठवडा लागेल, तो रात्रंदिवस बसेल, असं काहीतरी तो सांगत होता. "बरं," मॅडम म्हणाल्या. "वर मी बोलते. मला कळलंय सगळं, ताईंना सांभाळा."

आत आलो तर टीव्हीवर एकोणीसशे चारचा तो चौकोन तसाच, आणि ताई सरळ बसलेली. उशी बाजूला.

"भिंगरी, इकडे ये," ती म्हणत होती. "पेटीची तारीख चुकलीय."

मी ताईला डोळ्यांनी खुणावलं, नको. तिने पाहूनही पाहिलं नाही. धाकट्या भावाचं ती तशीही कधी ऐकत नाही.

भिंगरी माझ्याकडे वळली. "मामा, तुमची पेटी चुकते?"

"चुकते," मी म्हणालो. "फार पुढची तारीख दिली की तिला झेपत नाही. मग ती जुनी तारीख सांगते."

"म्हणजे ही पुढची आहे?"

"हो."

तिचं डोकं चालू असलं की ती अंगठा दातात धरते. टीव्हीकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, परत टीव्हीकडे. आम्ही दोघं मोठी माणसं त्या अंगठ्याकडे बघत बसलो होतो.

"मग ती मोठी भिंगरी?"

"तू," ताई म्हणाली. "मोठी झाल्यावरची."

"आणि ही?"

"ही मी आहे. गेल्या महिन्यातली."

"म्हणजे ऑपरेशन झालंच नाहीये अजून."

"नाही. सोमवारी आहे."

"तू तर बाहेरगावी जाणार होतीस कामासाठी."

"ते खोटं होतं," ताई म्हणाली.

भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती रडली नाही. ती रागावली होती. असा राग मी लहान मुलाच्या तोंडावर पाहिला नव्हता, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"तू परत येणार नाहीस?"

"डॉक्टर म्हणतात, येणार. मलाही वाटतं, मी येणार. पण नक्की कुणालाच माहीत नाही, राणी. मलाही नाही."

"आणि नसतीस आली, तर मला एकवीस वर्षांची झाल्यावर सांगणार होतीस? तोपर्यंत मी काय बाहेरगावाकडे बघत बसले असते?"

ताईने हात पुढे केला. भिंगरीने तो लगेच धरला नाही. तिने आधी रिमोट उचलला, टीव्ही बंद केला, रिमोट जागेवर ठेवला, आणि मग येऊन ताईच्या कुशीत शिरली. इतकी जोरात की ताईला धाप लागली. मी तिला मागे ओढायला गेलो, तर ताईने माझाच हात झटकला.

भिंगरीने ताईच्या छातीला कान लावला होता. आतली झडप कशी वाजते ते ऐकत होती की नुसतीच तशी पडली होती, मला कळलं नाही.

"सोमवारी मी शाळेत जाणार नाही," ती तशीच म्हणाली. "मी तिकडे येणार."

ताईने माझ्याकडे पाहिलं. डोळे पुसले. "बरं. मामा घेऊन येईल तुला."

"सकाळीच," भिंगरी म्हणाली. "तू आत जायच्या आधी."